ऑनलाइन दुकानाला पेमेंट गेटवे कसा जोडतात? आणि 'पेमेंट सक्सेसफुल' दिसलं म्हणजे पैसे खरंच आले का?

इन्स्टाग्रामवर वस्तू विकणाऱ्यांना हा क्रम पाठ आहे. ग्राहक डीएममध्ये किंमत विचारतो, दुकानदार क्यूआर कोड पाठवतो, ग्राहक पैसे भरून स्क्रीनशॉट टाकतो आणि पार्सल कुरिअरकडे जातं. दिवसाला पाच-सात ऑर्डर असतात तोवर सगळं सुरळीत चालतं. पण गणपती-दिवाळीच्या दिवसांत पन्नास ऑर्डर आल्या की कुठला स्क्रीनशॉट कुणाचा हे जुळवण्यातच मध्यरात्र होते. त्यात हुबेहूब खरा वाटेल असा खोटा स्क्रीनशॉट बनवणं आता अजिबात कठीण राहिलेलं नाही. पार्सल गेल्यावर बँकेचं खातं तपासलं तर पैसे आलेलेच नसतात.

म्हणून अनेकजण स्वतःची वेबसाइट काढतात आणि तिच्या चेकआउटला पेमेंट गेटवे जोडतात. आता स्क्रीनशॉटची कटकट संपली, असं त्यांना वाटतं. गेटवे नीट जोडला असेल तर ती खरंच संपते. पण घाईत जोडलेला गेटवे नेमकी तीच चूक करतो, फक्त ती डोळ्यांना दिसत नाही. ग्राहकाच्या फोनवर 'पेमेंट सक्सेसफुल' असं पान उघडलं, म्हणजे पैसे आले असं वेबसाइट धरून चालते. खरं तर ते पानही ग्राहकाच्याच फोनवरून आलेलं असतं. एका अर्थानं तोही स्क्रीनशॉटच.

हे नेमकं कुठे घडतं आणि कसं टाळायचं, हे समजून घेण्यासाठी आधी गेटवे काय करतो ते पाहू.

गेटवे म्हणजे नेमकं काय?

बोलताना आपण सगळ्यालाच गेटवे म्हणतो. रिझर्व्ह बँक मात्र यात दोन प्रकार करते. १७ मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हा फरक स्पष्ट केला आहे. पेमेंट गेटवे म्हणजे फक्त तंत्रज्ञान पुरवणारा, जो पैशांना हात लावत नाही. पेमेंट ॲग्रीगेटर म्हणजे ग्राहकांचे पैसे गोळा करून, काही काळ स्वतःकडे ठेवून मग दुकानदाराला देणारा. रेझरपे, कॅशफ्री, पेयू, सीसीॲव्हेन्यू ही छोट्या दुकानदारांच्या ओळखीची नावं या दुसऱ्या प्रकारात मोडतात.

हा फरक फक्त शब्दांचा नाही. तुमच्या ग्राहकानं भरलेले पैसे दोन-तीन दिवस दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात असतात. म्हणूनच बँक नसलेल्या ॲग्रीगेटरला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते आणि गोळा झालेले पैसे बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावे लागतात. कंपनीनं ते पैसे आपल्या पगार-भाड्यासाठी वापरायचे नसतात. परवानगी मिळालेल्या कंपन्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर आहे. कुणी 'शून्य टक्के शुल्क, आजच खातं सुरू' असं सांगत फोन केला, तर आधी ती यादी पाहावी.

या लेखात पुढे रोजच्या बोलण्यातला 'गेटवे' हाच शब्द वापरला आहे.

खातं उघडताना काय लागतं?

पॅन, बँक खात्याचा पुरावा (बहुतेकदा रद्द केलेला चेक), पत्त्याचा आणि ओळखीचा पुरावा, आणि व्यवसाय नोंदणीकृत असेल तर त्याची कागदपत्रं. एकल मालकीचा छोटा व्यवसायही खातं उघडू शकतो, त्यासाठी कंपनी स्थापन करावी लागत नाही.

अर्ज अडकतो तो बहुतेकदा कागदपत्रांपाशी नाही, वेबसाइटपाशी. गेटवे कंपनीची माणसं तुमची साइट उघडून पाहतात. तिच्यावर संपर्काचा पत्ता, अटी-शर्ती, गोपनीयता धोरण, माल पाठवण्याचं धोरण आणि पैसे परत करण्याचं धोरण अशी पानं असावी लागतात. वस्तूंच्या किमती रुपयांत दिसाव्या लागतात. दुसऱ्याच्या साइटवरून उचललेलं रिफंडचं पान, ज्यात नाव बदलायचं राहून गेलं आहे, हे अर्ज परत येण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे. ही पानं केवळ गेटवेसाठी नसतात. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम २०२० साली आले. विक्रेत्यानं परताव्याच्या आणि तक्रारीच्या सोयीची माहिती ग्राहकाला द्यावी, अशी त्यांची अपेक्षा आहे.

खर्च किती येतो?

कार्ड आणि नेटबँकिंगसाठी साधारण दोन टक्क्यांच्या आसपास शुल्क असतं. त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. समजा ऑर्डर २,५०० रुपयांची आहे आणि दर दोन टक्के आहे. शुल्क झालं ५० रुपये, त्यावर जीएसटी ९ रुपये. हातात आले २,४४१ रुपये. नफ्याचं गणित करताना हे ५९ रुपये अनेकजण विसरतात.

यूपीआयचं काय? १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर व्यापाऱ्याकडून एमडीआर, म्हणजे बँकांचं व्यवहार शुल्क, घेता येत नाही. तरीही काही गेटवे आपल्या सेवेचं म्हणून वेगळं शुल्क लावतात. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून केलेल्या पेमेंटचा हिशोबही निराळा असू शकतो. म्हणून दरपत्रकातली यूपीआयची ओळ वेगळी वाचावी. शिवाय एक प्रश्न आधीच विचारून ठेवावा: ग्राहकाला पैसे परत केले, तर घेतलेलं शुल्क परत मिळतं का? अनेक ठिकाणी ते मिळत नाही. कपडे विकणाऱ्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे, कारण तिथे माप चुकलं म्हणून माल परत येणं रोजचंच असतं.

जोडायचे तीन मार्ग

सगळ्यात सोपा मार्ग पेमेंट लिंकचा. गेटवेच्या डॅशबोर्डवर रक्कम टाकायची, लिंक तयार करायची आणि ग्राहकाला व्हॉट्सॲपवर पाठवायची. वेबसाइटही लागत नाही. डीएमवर विकणाऱ्यांना स्क्रीनशॉटपासून सुटका हवी असेल तर सुरुवात इथूनच केलेली बरी. कुठल्या लिंकचे पैसे आले ते डॅशबोर्डवर दिसतं.

दुसरा मार्ग तयार दुकानाचा. शॉपिफायवर दुकान असेल तर सेटिंग्जमधल्या पेमेंट्स विभागात जाऊन गेटवे निवडायचा. शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही, त्यामुळे बाहेरचा गेटवे जोडावाच लागतो आणि प्लॅननुसार शॉपिफायही आपलं वेगळं शुल्क घेतं. वर्डप्रेसवर वूकॉमर्स असेल तर त्या गेटवेचं अधिकृत प्लगइन टाकायचं. फुकटात मिळालेलं, कुणीतरी टेलिग्रामवर दिलेलं प्लगइन इथे अजिबात नको. ज्या पानावरून पैसे जातात, त्या पानावर दुसऱ्याचा कोड बसवणं म्हणजे गल्ल्याची किल्ली अनोळखी माणसाला देणं.

तिसरा मार्ग स्वतः कोड लिहिण्याचा, किंवा लिहून घेण्याचा.

दुसरा मार्ग निवडला तरी तिसऱ्या मार्गात काय घडतं हे माहीत असावं. प्लगइन आतून तेच करत असतं आणि बिघाड झाला की कुठे पाहायचं ते त्यावरूनच कळतं.

'पैसे भरा' दाबल्यावर आत काय होतं?

समजा, सावंतवाडीची लाकडी खेळणी विकणारं एक ऑनलाइन दुकान आहे. पुण्यातल्या एका ग्राहकाला लाकडी फळांचा २,५०० रुपयांचा संच घ्यायचा आहे. तो 'पैसे भरा'वर बोट ठेवतो.

सगळ्यात आधी दुकानाचा सर्व्हर गेटवेच्या सर्व्हरला सांगतो की २,५०० रुपयांची एक ऑर्डर तयार कर. इथे पहिलीच गंमत आहे. रेझरपेसारख्या गेटवेला रक्कम पैशांत सांगावी लागते, म्हणजे २,५०० नाही, तर २,५०,०००. शंभरानं गुणायचं राहिलं तर ग्राहकाला अडीच हजारांचा संच २५ रुपयांत मिळतो.

ही रक्कम सर्व्हरनंच ठरवायची असते, ग्राहकाच्या ब्राउझरनं पाठवलेली घ्यायची नसते. ब्राउझरमधलं पान ग्राहकाच्या हातात असतं. थोडी माहिती असलेला कुणीही तिथली किंमत २,५०० ची २५ करून पुढे पाठवू शकतो. म्हणून ब्राउझरनं फक्त 'हा संच, एक नग' एवढंच सांगायचं आणि किंमत सर्व्हरनं स्वतःच्या यादीतून काढायची. कूपनचा हिशोबही तिथेच करायचा.

गेटवे एक ऑर्डर क्रमांक परत देतो. दुकान तो आपल्याकडे नोंदवून ठेवतं. मग ग्राहकासमोर पेमेंटची खिडकी उघडते: यूपीआय, कार्ड, नेटबँकिंग, वॉलेट. ही खिडकी तुमच्या साइटवर दिसत असली तरी ती गेटवेची असते. ग्राहक कार्डाचा क्रमांक टाकतो तो थेट गेटवेकडे जातो, दुकानाच्या सर्व्हरवर येतच नाही. हे दुकानदाराच्याच फायद्याचं आहे. कार्डाची माहिती हाताळायची तर पीसीआय डीएसएस या जागतिक मानकाच्या कडक अटी पाळाव्या लागतात. शिवाय १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतात दुकानदारांना आणि गेटवेंना ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवून ठेवता येत नाही. 'कार्ड सेव्ह करा' म्हटल्यावर साठवलं जातं ते टोकन, म्हणजे कार्डाच्या बदल्यातला, फक्त त्या दुकानापुरता चालणारा क्रमांक. त्यामुळे फॉर्म भरून कार्ड क्रमांक मागणारं किंवा 'कार्डाचा फोटो व्हॉट्सॲप करा' म्हणणारं दुकान दिसलं, तर ग्राहकानं तिथूनच मागे फिरावं.

पुढे बँक ओटीपी मागते किंवा यूपीआय ॲप पिन मागतं. पैसे जातात. आणि इथून खरा प्रश्न सुरू होतो. पैसे गेले हे दुकानाला कोण सांगणार?

पहिला निरोप: ग्राहकाच्या फोनमार्फत

पेमेंट झालं की गेटवेची खिडकी बंद होते आणि ब्राउझर दुकानाच्या साइटवर परत येतो. येताना तो तीन गोष्टी आणतो: ऑर्डर क्रमांक, पेमेंट क्रमांक आणि सिग्नेचर नावाची अक्षर-अंकांची एक लांबलचक ओळ.

कच्चा कोड इथेच फसतो. ब्राउझर 'यशस्वी' पानावर आला, करा ऑर्डर पक्की! पण त्या पानाचा पत्ता ज्याला माहीत आहे, तो पैसे न भरताही थेट तिथे पोहोचू शकतो.

सिग्नेचर त्यासाठीच असते. खातं उघडलं की गेटवे दुकानाला दोन चाव्या देतो. एक की आयडी, जी उघडी असली तरी चालते. दुसरी की सिक्रेट, जी फक्त दुकानाचा सर्व्हर आणि गेटवे या दोघांनाच माहीत असते. गेटवे ऑर्डर क्रमांक आणि पेमेंट क्रमांक जोडतो, त्यात ते गुपित मिसळतो आणि एका ठरलेल्या गणिती पद्धतीनं ती लांब ओळ काढतो. रेझरपेमध्ये ही पद्धत एचमॅक एसएचए-२५६ आहे. दुकानाच्या सर्व्हरनं तेच गणित स्वतः करून पाहायचं. उत्तर जुळलं तर निरोप खरा. गुपित माहीत नसलेल्या माणसाला ती ओळ बनवता येत नाही.

यात एक बारीक खाच आहे. गणित करताना ऑर्डर क्रमांक ब्राउझरनं आणलेला घ्यायचा नाही, दुकानानं आधी नोंदवून ठेवलेलाच घ्यायचा. नाहीतर कुणी आधी ५० रुपयांची भिंगरी खरी विकत घेईल, तिची अस्सल सिग्नेचर जपून ठेवेल आणि अडीच हजारांच्या संचासाठी तीच पुढे करेल. सिग्नेचर खरीच असते, फक्त ती दुसऱ्या ऑर्डरची असते.

दुसरा निरोप: वेबहूक

सिग्नेचरनं खोटेपणा पकडता येतो. पण निरोप आलाच नाही तर?

आपल्याकडे हे सतत घडतं, कारण यूपीआय. ग्राहक फोनवर दुकानाची साइट पाहत असतो. पैसे भरायला त्याचं यूपीआय ॲप उघडतं. पिन टाकला, पैसे गेले, टिंग वाजलं. ग्राहकाच्या दृष्टीनं काम संपलं आणि त्यानं फोन खिशात टाकला. तो ब्राउझरवर परत आलाच नाही. किंवा लोकल बोगद्यात शिरली, किंवा बॅटरी संपली, किंवा फोननं मागे उघडं असलेलं ब्राउझरचं पान स्वतःच बंद केलं. खात्यातून २,५०० रुपये गेले आणि दुकानाच्या नोंदीत ऑर्डर अजून 'पेमेंट बाकी'. संध्याकाळी इन्स्टाग्रामवर कमेंट येते: 'फ्रॉड पेज आहे, पैसे घेतले आणि ऑर्डर नाही.'

दुकानदारानं फसवलेलं नसतं, त्याला खरंच पत्ता नसतो.

यावरचा उपाय म्हणजे वेबहूक. नाव भारी आहे, गोष्ट साधी. दुकान गेटवेला आपल्या सर्व्हरवरचा एक पत्ता देऊन ठेवतं आणि सांगतं की काहीही घडलं की इथे कळव. पैसे जमा झाले, पेमेंट फसलं, रिफंड झाला, प्रत्येक वेळी गेटवेचा सर्व्हर थेट दुकानाच्या सर्व्हरला निरोप देतो. ग्राहकाचा फोन मधे येतच नाही. तो बंद असला तरी फरक पडत नाही.

प्लगइन टाकून दुकान सुरू करणारे बरेचजण हीच पायरी गाळतात. कारण तिच्याशिवायही चाचणीत सगळं ठीक दिसतं. स्वतःच्या लॅपटॉपवर, घरच्या वायफायवर, नीट बसून पेमेंट केलं की ब्राउझर शहाण्यासारखा परत येतो. अडचण येते ती खरे ग्राहक आल्यावर. म्हणून प्लगइनच्या सेटिंग्जमध्ये वेबहूक चालू आहे का आणि गेटवेच्या डॅशबोर्डवर तोच पत्ता नोंदवला आहे का, हे दोन्हीकडे पाहावं लागतं. काही प्लगइन ते आपोआप करतात, काही नाही.

वेबहूकचेही तीन स्वभाव माहीत असावेत.

एक, त्याच्या पत्त्यावर कुणीही खोटा निरोप पाठवू शकतो. म्हणून त्याचीही सिग्नेचर असते आणि तीही तपासायची असते. त्यासाठीचं गुपित वेगळं असतं, की सिक्रेट नव्हे. इथे गल्लत झाली की खरे निरोपही खोटे ठरून बाहेर फेकले जातात.

दोन, तोच निरोप दोनदा येऊ शकतो. दुकानाच्या सर्व्हरनं काही सेकंदांत 'मिळाला' असं उत्तर दिलं नाही, तर गेटवे पुन्हा पाठवतो. रेझरपे असे प्रयत्न २४ तासांपर्यंत करतो. दुकानानं प्रत्येक निरोप नवा समजला तर एका पेमेंटवर दोन पार्सलं निघतात. म्हणून पेमेंट क्रमांक आधीच नोंदलेला आहे का, हे पाहूनच पुढचं काम करायचं.

तीन, निरोप क्रमानं येतीलच असं नाही, आणि वेळेवर येतील असंही नाही.

या तिसऱ्या स्वभावाचा त्रास वूकॉमर्सवर विशेष जाणवतो. तिथे पैसे न आलेली ऑर्डर ठरावीक वेळानं आपोआप रद्द होते आणि तिच्यासाठी राखलेला माल पुन्हा विक्रीला खुला होतो. मूळ सेटिंगमध्ये ही वेळ ६० मिनिटं असते. आता लाकडी फळांचा तो संच शेवटचा आहे असं धरा. बँकेकडून पक्की खबर यायला दीड तास लागला. तोवर ऑर्डर रद्द झाली आणि संच नाशिकच्या दुसऱ्या ग्राहकानं घेतला. पैसे दोघांचे आले, संच एकच. अशा वेळी पहिल्याला लगेच फोन करून रिफंड देणं एवढंच हातात उरतं. हातानं बनवलेल्या, एकेकच नग असलेल्या वस्तू विकणाऱ्यांनी ही वेळ किती ठेवायची ते विचार करून ठरवावं. ती वाढवली तर माल विनाकारण अडकून राहतो, कमी केली तर असे घोळ वाढतात.

'ऑथराइज्ड' म्हणजे पैसे आले नाहीत

डॅशबोर्डवर पेमेंटपुढे 'ऑथराइज्ड' दिसतं आणि दुकानदार निश्चिंत होतो. याचा अर्थ एवढाच की बँकेनं होकार दिला आहे. पैसे दुकानाच्या नावावर यायला ते 'कॅप्चर्ड' व्हावं लागतं. ठरलेल्या मुदतीत कॅप्चर केलं नाही तर पैसे ग्राहकाकडे परत जातात, आणि माल गेलेला असेल तर गेलाच. बहुतेक छोट्या दुकानांनी सेटिंगमध्ये आपोआप कॅप्चर चालू ठेवणंच योग्य.

चाचणी कशी करायची?

प्रत्येक गेटवेमध्ये टेस्ट मोड असतो. त्याच्या चाव्या वेगळ्या, कार्ड क्रमांक खोटे, पैसे काल्पनिक. यशस्वी पेमेंट करून पाहणं ही चाचणी नव्हेच, ते तर होणारच असतं. मुद्दाम बिघाड करून पाहावा. पेमेंटची खिडकी मधेच बंद करावी. पैसे भरल्या क्षणी इंटरनेट तोडावं आणि पाच मिनिटांनी ऑर्डरची स्थिती पाहावी. 'बॅक' दाबून पुन्हा पैसे भरावेत. कूपन लावून रक्कम बरोबर जाते का पाहावं. रिफंड करून तो दुकानाच्या नोंदीत उमटतो का तेही.

मग लाइव्ह चाव्या टाकाव्यात आणि एखादी खरी, लहान रकमेची ऑर्डर स्वतः करावी. टेस्ट मोडच्या चाव्या तशाच राहून दुकान सुरू होणं, किंवा लाइव्ह मोडमध्ये वेबहूक पुन्हा नोंदवायचाच राहणं, हे इतकं सर्रास घडतं की पहिल्या दिवशी 'ऑर्डरच येत नाहीत' म्हणणाऱ्यानं आधी हेच तपासावं.

वर्डप्रेसवर साइट वेगवान करणारं कॅश प्लगइन असेल, तर कार्ट आणि चेकआउटची पानं त्यातून वगळावीत. नाहीतर एका ग्राहकाला दुसऱ्याच्या कार्टमधला माल दिसण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

आणि चाव्या. फ्रीलान्सरकडून साइट करून घेताना की सिक्रेट व्हॉट्सॲपवर पाठवली जाते आणि मग वर्षानुवर्षं त्या चॅटमध्ये पडून राहते. ती चावी हाती असलेला माणूस तुमच्या खात्यातून रिफंड सोडू शकतो. काम संपलं की डॅशबोर्डवर जाऊन नवी चावी तयार करावी आणि जुनी बाद करावी. डेव्हलपरला स्वतःचा पासवर्ड देण्याऐवजी टीममध्ये मर्यादित परवानगीचं वेगळं खातं काढून देता येतं. आणि सिक्रेट कधीही ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या कोडमध्ये किंवा गिटहबवरच्या उघड्या फायलीत नसावी.

पैसे कापले गेले, ऑर्डर झाली नाही. आता?

ग्राहक म्हणूनही हे माहीत असायला हवं. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेनं फसलेल्या व्यवहारांसाठी मुदती ठरवून दिल्या. ऑनलाइन कार्ड पेमेंट किंवा दुकानदाराला केलेलं यूपीआय पेमेंट, खात्यातून पैसे गेले पण दुकानाकडे पुष्टी पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकानं न मागता.

दुकानदारानं अशा ग्राहकाला 'बँकेला विचारा' एवढं सांगून सोडू नये. ऑर्डर क्रमांक घेऊन डॅशबोर्डवर पेमेंटची स्थिती पाहावी. 'कॅप्चर्ड' असेल तर पैसे दुकानाकडेच आलेले आहेत, मग ऑर्डर हातानं पक्की करायची किंवा रिफंड द्यायचा. 'फेल्ड' असेल तर तसं ग्राहकाला स्पष्ट सांगायचं आणि पाच दिवसांचा नियमही सांगायचा.

रिफंड नेहमी डॅशबोर्डवरूनच, मूळ पेमेंटवर द्यावा. 'माझं ते खातं बंद झालंय, या दुसऱ्या यूपीआय आयडीवर पाठवा' अशी विनंती आली तर सावध. वेगळ्या आयडीवर पैसे पाठवल्यावर तोच ग्राहक बँकेकडे मूळ पेमेंटबद्दल तक्रार करू शकतो आणि दुकानदाराचे पैसे दोनदा जातात. या तक्रारीला चार्जबॅक म्हणतात. ती आली की गेटवे पुरावा मागतो, त्याला मुदत असते आणि मुदत चुकली तर रक्कम थेट वळती होते. बिल, कुरिअरचा ट्रॅकिंग क्रमांक, माल पोहोचल्याची नोंद आणि ग्राहकाशी झालेलं बोलणं जपून ठेवावं ते यासाठी.

परदेशातल्या ग्राहकांच्या बाबतीत हा धोका अधिक असतो. दिवाळीचा फराळ किंवा साड्या दुबई-अमेरिकेतल्या मराठी घरांकडे पाठवणाऱ्या दुकानांना गेटवेकडून आंतरराष्ट्रीय पेमेंटची परवानगी वेगळी घ्यावी लागते आणि शुल्कही जास्त पडतं. भारतात ऑनलाइन कार्ड व्यवहाराला २००९ पासून दुसरी पडताळणी सक्तीची आहे. परदेशात दिलेल्या कार्डावर ओटीपी मागितला जाईलच असं नाही. चोरलेलं कार्ड वापरलं गेलं तर मूळ मालक तक्रार करतो आणि फटका दुकानाला बसतो. मोठी, घाईची आणि पहिलीच परदेशी ऑर्डर असेल तर पाठवण्याआधी ग्राहकाशी बोलून घ्यावं.

बँकेत आलेली रक्कम ऑर्डरशी जुळत का नाही?

दुकान सुरू झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी हा प्रश्न हमखास पडतो. सोमवारी ११ ऑर्डर आल्या, बुधवारी खात्यात एकच विचित्र रक्कम जमा झाली आणि ती कशाशीच जुळत नाही.

गेटवे प्रत्येक ऑर्डरचे पैसे वेगळे पाठवत नाही. साधारण दोन कामकाजाच्या दिवसांनी तो एका दिवसाची सगळी पेमेंट एकत्र करतो, त्यातून शुल्क, जीएसटी आणि दिलेले रिफंड वजा करतो आणि उरलेली रक्कम पाठवतो. याला सेटलमेंट म्हणतात. डॅशबोर्डवर त्याचा तपशील मिळतो आणि तो आठवड्यातून एकदा तरी दुकानाच्या ऑर्डरच्या यादीशी ताडून पाहावा. पेमेंट आहे पण ऑर्डर नाही अशी नोंद सापडली, तर कुठलातरी निरोप दुकानापर्यंत पोहोचलेला नाही. ऑर्डर पक्की आहे पण पेमेंट नाही अशी सापडली, तर सिग्नेचरची तपासणी होत नाहीये आणि ते काम त्याच दिवशी करायचं आहे.

हिशोब लिहिताना विक्री म्हणून २,४४१ नाही, तर पूर्ण २,५०० रुपये लिहायचे असतात. ५० रुपये हा खर्च. त्यावरचे ९ रुपये जीएसटी नोंदणी असलेल्या व्यवसायाला नियमांनुसार इनपुट क्रेडिट म्हणून मिळू शकतात, मात्र त्यासाठी गेटवेच्या डॅशबोर्डवर आपला जीएसटी क्रमांक आधी भरलेला हवा आणि दर महिन्याचं त्यांचं बिल उतरवून घेतलेलं हवं.